पहिल्याच दिवशी ६२ : मेजरमधल्या धडाकेबाज सुरुवातीची पार्श्वभूमी

मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल इथल्या वल्हाला कोर्सवर गोल्फपटू झँडर शॉफलीने पीजीए चॅम्पियनशिपची अठरा होलची पहिली फेरी ६२ फटक्यांत संपवली. नऊ बर्डी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, एक कमी), बोगी (पारपेक्षा एक जास्त) एकही नाही. पुरुषांच्या मेजर, म्हणजे गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या, स्पर्धांत ६२च्या खाली अजून कोणी गेलेलं नाही. त्याआधीच्याच वर्षी यूएस ओपनमध्ये त्याने पहिल्याच दिवशी ६२ केले होते.

हा आकडा यायला फार वाट पाहावी लागली. १९७३च्या यूएस ओपनमध्ये जॉनी मिलरने ओकमाँटवर शेवटच्या दिवशी ६३ करून विजेतेपद खेचून आणलं. पावसाने ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) मऊ पडले होते, हे खरं. पण त्याच ग्रीनवर बाकीचे दिग्गजही खेळत होते. त्यानंतर ६३ अनेकांनी केले, पुढे मात्र कोणी सरकेना. १९८०मध्ये बाल्टसरॉलवर जॅक निकलॉस आणि टॉम वाइसकॉफ या दोघांनी पहिल्याच दिवशी ६३ केले. निकलॉसचा अठराव्या होलवरचा जेमतेम तीन फुटांचा पट (ग्रीनवरून होलकडे ढकललेला फटका) हुकला, नाहीतर ६२ तेव्हाच झाले असते. २०१६मध्ये ट्रूनला फिल मिकलसनचा शेवटचा पट होलच्या कडेवर फिरून बाहेर राहिला. अखेर २०१७मध्ये रॉयल बर्कडेलवर दक्षिण आफ्रिकेच्या ब्रँडन ग्रेसने तिसऱ्या फेरीत ६२ केले. आपण विक्रम केलाय हे त्याला कॅडीने (बॅग वाहणाऱ्या साथीदाराने) सांगितल्यावर कळलं.

नुसत्या आकड्यावर मात्र भाळू नये, शेजारी पार किती ते बघावं. ग्रेसचे ६२ पार ७०च्या कोर्सवरचे, म्हणजे आठ अंडर (पारपेक्षा आठ कमी). मिलरचे ६३ पार ७१वर, तेही आठ अंडरच. ग्रेग नॉर्मनने १९९६मध्ये मास्टर्स स्पर्धेत ऑगस्टाला ६३ने सुरुवात केली, तिथे पार ७२. म्हणजे नऊ अंडर, शॉफलीच्या वल्हालातल्या ६२इतकीच. महिलांमध्ये किम ह्योजूने २०१४च्या एव्हियन चॅम्पियनशिपची सुरुवात ६१ने केली, पार ७१वर दहा अंडर. ती स्पर्धा तिने जिंकली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. पुरुषांच्या विक्रमांच्या गर्दीत तिची ही फेरी झाकली जाते, हा तिच्यावर अन्यायच.

पहिल्या दिवशी इतका कमी स्कोअर का लागतो? ऑगस्टा सोडलं तर मेजरमध्ये १५६ खेळाडू असतात. अर्धे सकाळी, अर्धे दुपारी. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. सकाळी ग्रीन नुकतेच कापलेले असतात. त्यांच्यात ओल असते, त्यामुळे लांबून मारलेला चेंडू पडल्या जागी थांबतो, आणि वाराही बहुधा कमी. दुपारपर्यंत ग्रीन सुकून टणक होतात, चेंडू उसळून पलीकडे जातो, होलभोवती पावलांचे ठसे पडतात. पोआ अ‍ॅनुआ गवत असेल तर दिवसभरात ते कमीजास्त वाढतं, आणि चार फुटांचा सरळ पटही मध्येच उडी घेतो. २०२३मध्ये लॉस एंजेलिसला गुरुवारी सकाळी ढगाळ, दमट हवा होती. रिकी फाउलर आणि शॉफली दोघंही त्याच सत्रात खेळले आणि काही मिनिटांच्या अंतराने ६२ करून परतले. फाउलरच्या कार्डावर दहा बर्डी आणि दोन बोगी होत्या. रविवारी त्याचे ७५ झाले, स्पर्धा विंडम क्लार्कने जिंकली.

हवा जसं देते तसंच काढूनही घेते. २०१०मध्ये सेंट अँड्र्यूजला रोरी मॅकिलरॉयने ६३ने सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी वारा असा सुटला की ग्रीनवरचे चेंडू जागचे हलू लागले, खेळ थांबवावा लागला. रोरीचे त्या दिवशी ८०! उरलेल्या दोन फेऱ्यांत ६९ आणि ६८ करून तो तिसऱ्या स्थानापर्यंत आला, पण विजेत्या लुई ओस्टहेझनपासून आठ फटके दूरच राहिला. १९९९ला कार्नूस्टीवर तर पहिल्या दिवशीचा आघाडीवीर रॉडनी पँपलिंग दुसऱ्या दिवशी ८६ करून कटही (शेवटच्या दोन फेऱ्यांसाठीची पात्रता) चुकला. आघाडीसाठी त्याला लागलेला स्कोअर होता फक्त ७१. कोर्स किती क्रूर होता ते यावरूनच कळतं.

१९९६मध्ये ऑगस्टाला नॉर्मनचं दुःख वेगळं होतं. त्याला वाऱ्याने नाही हरवलं. शेवटच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरला, ७८ केले. त्याच्यासोबत खेळणाऱ्या निक फाल्डोचे ६७. पहिल्या दिवशी होलवरचा झेंडा पाहून बेधडक खेळता येतं. रविवारी तोच खेळाडू प्रत्येक फटक्याआधी आघाडी मोजायला लागतो, आणि तिथेच हात आखडतो.

उलट निकलॉस १९८०मध्ये, रेमंड फ्लॉइड १९८२मध्ये सदर्न हिल्सवर आणि ब्रूक्स केप्का २०१९मध्ये बेथपेजवर ६३ने सुरुवात करून जिंकलेच. शॉफलीचं वल्हालातलं यश मात्र शेवटच्या होलपर्यंत अधांतरी होतं. ब्रायसन डीशँबोने २० अंडरवर खेळ संपवला होता आणि शॉफलीला अठराव्यावर, पार पाचवर, बर्डी हवीच होती. चेंडू बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) काठावर, पाय बंकरमध्ये. तिथून त्याने चेंडू ग्रीनजवळ आणला, चिप करून (हलका उचललेला फटका मारून) सहा फुटांवर ठेवला आणि पट आत घातला. एकूण २६३, २१ अंडर. मेजरच्या इतिहासात याहून कमी एकूण स्कोअरने कोणी जिंकलं नव्हतं.