चार पिस्टनचा कॅलिपर बसला, पण हिशोब बसला का?

स्पोर्ट्स कारवाल्यांचं एक खूळ कधी जात नाही, आपल्या गाडीच्या वरच्या मॉडेलचे ब्रेक कॅलिपर (पिस्टनने पॅड ढकलून चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारा भाग) काढून आपल्या गाडीला लावायचे. खूळ तसं वाईट नाही, कंपन्याही हेच करतात. पोर्शने १९८८ च्या ९४४ टर्बो एसला सरळ ९२८ एस४ चे ब्रेक दिले होते, आणि सुबारू डब्ल्यूआरएक्सला तिच्याच वरच्या एसटीआय मॉडेलचे ब्रेम्बो कंपनीचे कॅलिपर लावणारे तर ढिगाने सापडतील. पण सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, 'डायरेक्ट बसतो का?' आणि बसतो म्हटलं की पुढचा विचार बंद.

मुळात होतं काय, तर पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलला जोडलेल्या पंपात) प्रेशर तयार होतं आणि पास्कलच्या नियमाने ते ब्रेक ऑइलमधून सगळीकडे सारखंच पोचतं. त्या प्रेशरचा जोर किती होणार हे ठरतं पिस्टनच्या क्षेत्रफळावर, पिस्टनच्या संख्येवर नाही. समजा मूळ गाडीत ५७ मिमीचा एकच पिस्टन असलेला साधा सरकणारा कॅलिपर आहे, क्षेत्रफळ साधारण २५५० चौ. मिमी. आता तुम्ही आणला चार पिस्टनवाला, प्रत्येक बाजूला एक ३६ आणि एक ४० मिमीचा. फिक्स्ड कॅलिपरमध्ये एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे, कारण दोन्ही बाजू एकमेकींसमोर दाबतात, जोराची बेरीज होत नाही (सरकणाऱ्यात समोरच्या पॅडला तोच जोर कॅलिपरची बॉडी सरकून देते). बेरीज येते २२७५ चौ. मिमी. म्हणजे दिसायला दणकट, पण डिस्क पकडायचा जोर जवळजवळ ११ टक्के कमी! मग मोठी डिस्क लावली आणि पॅडचा मध्य चाकाच्या केंद्रापासून १२५ वरून १४० मिमीवर गेला, की पॅड तेच धरले तर चाकाला मिळणारा टॉर्क (फिरणं रोखणारा जोर) परत होता तिथेच येतो. एवढा खर्च करून आकडा तोच, आणि खरं सांगायचं तर हा आदर्श निकाल आहे.

हो, आदर्शच. कारण तेच पिस्टन ४० आणि ४४ चे असते तर पुढच्या चाकांचा टॉर्क २२ टक्क्यांनी वाढला असता, मागचा होता तेवढाच राहिला असता, मग पुढची चाकं आधीच लॉक व्हायला येणार, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) तिथे प्रेशर सोडणार, आणि मागच्या टायरची ग्रिप वापरायच्या आधीच तुम्ही लिमिटला. थांबायचं अंतर वाढूसुद्धा शकतं. उलटं झालं, म्हणजे मागचे ब्रेक जास्त झाले, तर ते त्याहून वाईट, कारण ब्रेक मारताना वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, ती आधी लॉक झाली की गाडी फिरते. शिवाय जास्त क्षेत्रफळ म्हणजे जास्त ऑइल ढकलायचं, पेडल खोल जातं. मग लोक मास्टर सिलिंडर बदलतात, २३.८ चा काढून २५.४ मिमीचा लावतात, पेडल छान कडक होतं, पण तेवढ्याच प्रेशरसाठी पाय १४ टक्के जास्त जोरात दाबावा लागतो. कडक पेडल म्हणजे भारी ब्रेक हा समज काही केल्या जात नाही.

मग फायदा कशात? उष्णतेत. एकदा कचकन ब्रेक मारून थांबायचं अंतर टायरची ग्रिप ठरवते, स्टॉक (कंपनीचे मूळ) ब्रेकसुद्धा एबीएस चालू करू शकत असेल तर मोठ्या कॅलिपरने तिथे काही होत नाही. पण १५०० किलोची गाडी १०० च्या स्पीडवरून थांबवली की सुमारे ५८० किलोज्यूल उष्णता होते आणि २०० वरून चौपट. त्यातली ७० टक्के पुढे गेली, डिस्क १० किलोची असली, तर प्रत्येक पुढची डिस्क एका ब्रेकमध्ये १०० वरून साधारण ४५ आणि २०० वरून १७५ अंशांनी तापणार. ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपला अनेकदा होतं, आणि डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलने ओलावा धरला की त्याचा उकळबिंदू १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की वाफ दबते आणि पेडल पार फरशीपर्यंत. जड आणि हवेशीर डिस्क, मोठे पॅड, न वाकणारी कॅलिपर बॉडी, हे सगळं त्यासाठी.

आता बसवायची गोष्ट. अडॅप्टर ब्रॅकेट (दुसऱ्या गाडीचा कॅलिपर बसवायची पट्टी) कॅलिपरला दोन मिमी जरी वर घेऊन बसला तरी पॅडची कड डिस्कच्या बाहेर लटकते, तिथे झिजत नाही आणि ओठासारखी पट्टी तयार होते. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध हवी, शिम (पातळ चकती) टाकून आणायची. जाड डिस्कच्या कॅलिपरमध्ये बारीक डिस्क घातली तर पॅड संपत आल्यावर पिस्टन नको इतका बाहेर येतो.

सगळ्यात भारी घोळ डाव्या-उजव्याचा. हवा वर जाते, म्हणून ब्लीड निपल (ऑइलमधली हवा बाहेर काढायचं तोंड) वरच्या टोकाला पाहिजे, खाली आला तर कितीही पंप मारा पेडल स्पंजीच. समजा ज्या गाडीतून काढला तिच्यात कॅलिपर एक्सलच्या मागे होता आणि तुमच्या गाडीत पुढे बसतो. निपल वर ठेवायला तुम्ही डावा उजवीकडे लावला, ब्लीडिंग झकास झालं. पण डिस्क एक्सलच्या मागे वर चढते आणि पुढे खाली उतरते, म्हणजे आता ती कॅलिपरमधून उलट्या दिशेने जाते. आणि वेगवेगळ्या साइजचे पिस्टन उगाच नसतात. डिस्क जिथून आत शिरते तिथे पॅड जास्त झिजतो, म्हणून लहान पिस्टन तिथे ठेवतात. बाजू बदलली की मोठा पिस्टन त्या टोकाला येतो आणि पॅड पाचरीसारखा तिरका झिजतो.

डब्ल्यूआरएक्सवाले बरेचदा फक्त पुढचेच ब्रेम्बो लावतात त्याचं कारणही असंच बारीक आहे. पुढे १७ इंची व्हील घेतलं की बरंचसं काम उरकतं, मागे मात्र हँडब्रेकचा छोटा ड्रम डिस्कच्या आत असतो, जुन्या डब्ल्यूआरएक्सला १७० मिमीचा आणि एसटीआयला १९० चा, त्यामुळे एसटीआयची डिस्क आणली की जुने हँडब्रेक शू (ड्रमला आतून दाबणारे) आत नुसते लोंबकळतात. त्यासाठी बाहेरून एसटीआयच्या मापाची आणि आतून १७० ची अशी डिस्क मिळते, ती घ्यावी आणि मागचंही काम पुढच्यासोबतच करून टाकावं.