अमृतसरला जाणाऱ्या वाटा: पार्श्वभूमी

मुंबई सेंट्रलहून सुटणारी गोल्डन टेंपल मेल, वांद्र्याहून जाणारी पश्चिम एक्सप्रेस आणि दिल्लीहून धावणारी शताब्दी या तिन्ही गाड्यांचे शेवटचे स्थानक अमृतसर हेच आहे. अटारीची सीमा शहरापासून जेमतेम तीस किलोमीटरवर असल्याने आज त्यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु अमृतसर शेवटचे स्थानक झाले ते १९४७ मध्ये. त्यापूर्वी ते लाहोर आणि दिल्ली यांच्या दरम्यानचे, दोन्ही बाजूंना खुले असलेले शहर होते.

चौथे गुरू रामदास यांनी सोळाव्या शतकात वसवलेल्या या नगरीला तीर्थक्षेत्राइतकेच बाजारपेठ म्हणूनही महत्त्व आले आणि तिचा व्यवहार मुख्यतः पन्नासेक किलोमीटरवरच्या लाहोरशी जोडलेला राहिला. रेल्वे आली तीही त्याच दिशेने. लाहोर–अमृतसर मार्ग १८६२ मध्ये सुरू झाला, तर बियास आणि सतलज ओलांडून दिल्लीच्या बाजूचा मार्ग पुरा व्हायला १८७० साल उजाडले. अमृतसरची रेल्वेगाठ दिल्लीच्या आधी लाहोरशी पडली, ही बाब फाळणीचा घाव समजून घेताना विसरता येत नाही.

मुंबईकरांच्या परिचयाच्या गोल्डन टेंपल मेलचा उगमही त्याच अखंड मार्गावरचा आहे. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १ सप्टेंबर १९२८ रोजी ‘फ्रंटियर मेल’ सुरू केली, तेव्हा ती अमृतसर, लाहोर, रावळपिंडी करीत थेट पेशावरपर्यंत जात असे. बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवून डबा गार ठेवण्याची सोय १९३४ मध्ये तिच्यात झाली. ऑगस्ट १९४७ मध्ये रॅडक्लिफ निवाड्याने अमृतसर आणि लाहोर वेगळ्या देशांत गेले, याच लोहमार्गावर निर्वासितांनी भरलेल्या गाड्यांची कत्तल झाली आणि पुढे फ्रंटियर मेल अमृतसरलाच थांबू लागली. १९९६ मध्ये तिचे नाव बदलले.

त्यानंतर पश्चिमेकडचा मार्ग उघडत आणि मिटत राहिला. १९६५ च्या युद्धात तुटलेली रेल्वेसेवा सिमला करारानंतर, २२ जुलै १९७६ रोजी, समझौता एक्सप्रेसच्या रूपाने पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी १९९९ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने वाघा ओलांडून लाहोरला गेले आणि २००६ मध्ये अमृतसरहूनच लाहोर व ननकाना साहिबसाठी बस सुटू लागल्या. ज्यांची जन्मगावे पलीकडे राहिली होती, त्यांच्यासाठी या फेऱ्यांचे मोल तिकिटाच्या दरात मोजण्यासारखे नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये रेल्वे आणि बस दोन्ही बंद पडल्या, आणि एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर अटारीची तपासणी चौकीही बंद करण्यात आली. पुढच्याच महिन्यातील लष्करी संघर्षात अमृतसरचा विमानतळ काही दिवस बंद होता. सीमेलगतच्या शहराचा प्रवास ठरवताना तिथली ताजी परिस्थिती पाहणे आवश्यक असते, ते याचसाठी.

पूर्वेकडून मात्र सोयी वाढत गेल्या. दिल्लीहून साडेचारशे किलोमीटरच्या या अंतरासाठी शताब्दीच्या जोडीला वंदे भारतही आली आहे. शहरापासून सुमारे ११ किलोमीटरवर राजासांसी येथे असलेला श्री गुरू रामदास जी विमानतळ परदेशांतील पंजाबी कुटुंबांच्या ये-जा करण्यामुळे वाढला. मुंबईहूनही तिथे थेट विमान जाते.

महाराष्ट्राशी असलेले नाते सर्वांत ठळक दिसते ते सचखंड एक्सप्रेसमध्ये. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये जिथे देहावसान झाले, त्या नांदेडला ती परभणी, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भोपाळ, दिल्ली या मार्गाने थेट अमृतसरशी जोडते आणि वाटेतल्या काही स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना लंगरचे जेवण वाढतात. वारकऱ्यांना याच वाटेवर आणखी एक ठिकाण गाठता येते. ज्यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, त्या संत नामदेवांच्या पंजाबातील वास्तव्याचे घुमान हे गाव शेजारच्या गुरदासपूर जिल्ह्यात आहे. एप्रिल २०१५ मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले होते. अमृतसरहून घुमानला रस्त्याने जाऊन त्याच दिवशी परत येता येते.