मेंदू पुढे, मनगट मागे

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्करात. लष्कर म्हणजे फौज नव्हे. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि उठलीच नाही, तो शहराचा भाग. इथल्या मराठी घरांत पेटी असते, तंबोरा असतो, क्वचित सतार. गेल्या डिसेंबरात, तानसेन समारोहाच्या दिवसांत, आमच्याकडे गिटार आली. पुतण्याने आणली. तिसऱ्या दिवशी डाव्या हाताची बोटं माझ्या नाकासमोर धरून उभा: "काका, रक्त तेवढं यायचं बाकी आहे."

माझी आई तरुणपणी सतार वाजवायची. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "घट्टे पडू देत, मग बोल."

आईचं शास्त्र पक्कं होतं. एकाच जागी तार पुन्हा पुन्हा दाबली की कातडीच्या तळच्या पेशी भराभर वाढायला लागतात आणि वरचा केराटिनचा (नखाकेसांतल्या कठीण प्रथिनाचा) मृत थर जाड होतो. याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. रोज थोडं थोडं वाजवलं तर घट्टा पडतो. एकाच दिवशी तीन तास घासलं तर कातडीचे थर एकमेकांवरून सरकून सुटतात, मधे पाणी भरतं आणि फोड येतो. मग आठवडा वाया. अंघोळ करून लगेच गिटार हातात घेऊ नये, तेही यासाठीच. केराटिन पाणी पितं आणि मऊ पडतं.

इथल्याच जिवाजीगंजात सरोदिये हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर आहे. आता तिथे 'सरोद घर' हे संग्रहालय आहे. त्यांच्या परंपरेत सरोदची तार डाव्या हाताच्या नखाने दाबतात. सरोदला पडदे नाहीत, त्यामुळे तार जिथे अडते तिथे काहीतरी कठीण लागतं. मांसल टोक टेकवलं तर आवाज बसतो. गिटारवर अडवायचं काम धातूचा फ्रेट, म्हणजे पट्टीवरचा पडदा, करतो. बोटाने तार त्याच्यावर नुसती टेकवायची. म्हणून गिटारवाल्याने डाव्या हाताची नखं कापायची आणि सरोदियाने जपायची.

पण 'नुसती टेकवायची' हे नवशिक्याला पटत नाही. तो तार चिमटतो, जणू ती पळून जाणार आहे. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण 70 किलोच्या वजनाइतका असतो (नायलॉनच्या तारांचा बराच कमी), त्यामुळे जोर लागतो हे खरं. मात्र बोट कुठे ठेवता यावर तो ठरतो. दोन फ्रेटच्या मधोमध ठेवलंत तर स्वर स्वच्छ यायला तार जास्त दाबावी लागते. फ्रेटला अगदी खेटून, अलीकडे ठेवलंत तर कमी जोरात काम होतं. घरी करून बघा: तार वाजवत बोट हळूहळू सैल करा, खरखर सुरू झाली की किंचित दाबा. लागतो तो एवढाच जोर. वरचा सगळा मनगटाच्या खात्यावर उधार.

आणि ती उधारी दोन आठवड्यांनी वसूल झाली. पुतण्या आला तो बोटं दाखवत नव्हता, मनगट चोळत होता. "बघ, सवय होईल," आई म्हणाली. इथे मी तिला अडवलं.

बोटांत बोटं वाकवणारे स्नायू नसतातच. ते कोपराखालच्या हातात असतात, आणि टेंडन नावाच्या दोऱ्यांनी बोटं ओढतात. मनगटाच्या एका चिंचोळ्या बोगद्यातून अशा नऊ दोऱ्या आणि एक मोठी नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) जाते. मनगट आत पूर्ण वाकवून मूठ आवळून पाहा, आवळतच नाही. याच अवस्थेत गिटार वाजवली की स्नायूंना जास्त जोर काढावा लागतो, बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपते. अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला मुंग्या आल्या तर ती त्या नसेची तक्रार असते. तेव्हा वाद्य खाली ठेवायचं; विश्रांतीनंतरही मुंग्या राहिल्या तर डॉक्टर गाठायचा. बोटाच्या टोकांची आग सोसून चालते, मुंग्या आणि मनगटातली कळ सोसायची नसते.

खरी गोची शिकण्याच्या वेगातल्या फरकानं होते. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो नव्या कामाला सरावायला महिने घेतो. मेंदू मात्र सेकंदांत शिकतो. अमेरिकेतल्या एका गटाने 2019 मध्ये लोकांना उलट्या हाताने आकड्यांची एक मालिका टाइप करायला लावली: 10 सेकंद काम, 10 सेकंद आराम. सुरुवातीची प्रगती बहुतांशी त्या आरामाच्या तुकड्यांतच दिसली. थांबलेल्या हाताआड मेंदू चालू होता. तेव्हा कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट) चार-पाच वेळा बदलून हात मांडीवर ठेवणं हा रियाजच आहे. घरात आळस दिसतो, पण दिसू दे. आम्ही पुतण्याला वीस मिनिटांची दोन सत्रं दिली, आणि जानेवारीत पारा पाच अंशांखाली गेला की आधी चहाचा कप दोन्ही हातांत धरायचा नियम. गारठलेल्या बोटांना तार नीट कळत नाही आणि ती आणखी दाबली जाते.

राहिला एफ कॉर्ड. एकाच बोटाने सहाही तारा झोपवायच्या, तेही पहिल्या घरात, म्हणजे पहिल्या फ्रेटच्या अलीकडच्या जागेत. सुमारे 65 सेंटिमीटरच्या तारेवर पहिलं घर साडेतीन सेंटिमीटरांहून किंचित मोठं असतं, पाचवं तीनहूनही कमी. कारण प्रत्येक फ्रेटला उरलेल्या लांबीतला साधारण अठरावा भाग कमी होतो. पहिल्या घराशेजारीच गिटारच्या डोक्याकडच्या आडव्या पट्टीवर (नटवर) तार उचललेलीही असते. म्हणजे सर्वांत कठीण कॉर्ड सर्वांत कठीण जागी. पुतण्याने तोच आकार पाचव्या घरात धरायला सुरुवात केली, तिथे तो ए होतो. दर पंधरा दिवसांनी एक घर मागे. सध्या तो तिसऱ्यात आहे, जी वाजतो, आणि अजून दोन घरं बाकी आहेत.