हाक कुठून आली?

‘अंतराळ संशोधनाने सामान्य माणसाला काय दिले?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून टेफ्लॉनचा तवा आणि वेल्क्रोची पट्टी पुढे करणारे संदेश मोबाइलवर नेमाने येत असतात. ही दोन्ही उदाहरणे चुकीची आहेत. टेफ्लॉन १९३८ मध्ये एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने सापडले, तर वेल्क्रोची कल्पना एका स्विस अभियंत्याला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून सुचली. तेव्हा नासा स्थापनच झालेली नव्हती. खरी उदाहरणे इतकी असताना खोट्यांचा आधार कशाला घ्यावा, हे मला कळत नाही.

असेच एक खरे उदाहरण संकटात सापडलेल्यांना शोधणाऱ्या उपग्रहांचे आहे. १६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात हेल बॉग्ज आणि निक बेगिच या दोन अमेरिकी लोकप्रतिनिधींना नेणारे छोटे विमान बेपत्ता झाले. ३९ दिवस शोध चालला, तरी विमान आजतागायत सापडलेले नाही. संकटात सापडलेल्याची हाक आकाशातून ऐकता येईल का, हा प्रश्न अशा घटनांमुळे ऐरणीवर आला. १९७९ मध्ये, शीतयुद्ध चालू असतानाच, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी ‘कॉस्पास-सारसॅट’ या, उपग्रहांमार्फत अशी हाक ऐकणाऱ्या यंत्रणेसाठी करार केला. जून १९८२ मध्ये तिचा पहिला उपग्रह सोव्हिएत संघाने सोडला आणि त्याच सप्टेंबरात कॅनडात कोसळलेल्या एका विमानातील तिघांचे प्राण वाचले.

हाक ऐकू येणे एक, ती कुठून आली हे समजणे दुसरे. आणि गंमत त्या दुसऱ्यात आहे. बोटीवरचा किंवा विमानातला ‘बीकन’ हा लहानसा प्रक्षेपक ४०६ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारितेवर दर ५० सेकंदांनी सुमारे अर्धा सेकंद संदेश पाठवतो. सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला, तो जवळ येत असताना ही वारंवारिता किंचित जास्त आणि दूर जाताना किंचित कमी भासते. शाळेत शिकलेला डॉप्लर परिणाम तो हाच. हा फरक जास्तीत जास्त नऊ किलोहर्ट्झच्या घरातला, म्हणजे मूळ वारंवारितेच्या एक लाखांशाच्या दुपटीहून थोडा अधिक असतो.

ज्या क्षणी फरक शून्य होतो, त्या क्षणी बीकन उपग्रहाच्या मार्गाला बरोबर काटकोनात असतो. त्या काटकोनाच्या रेषेवर तो किती दूर आहे, हे फरक किती झपाट्याने बदलला यावरून कळते. रस्त्याच्या कडेला उभे असाल, तर भोंगा वाजवत जाणाऱ्या गाडीचा स्वर एकदम उतरतो. लांब शेतात असाल, तर तो सावकाश उतरतो. तरीही एक अडचण उरते, कारण मार्गाच्या डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच अंतरावरचे दोन बिंदू जवळपास एकसारखा आलेख देतात. इथे पृथ्वीचे परिवलन मदतीला येते. विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर या वेगाने एका बाजूचा बिंदू मार्गाकडे सरकत असतो आणि दुसऱ्या बाजूचा मार्गापासून दूर जात असतो, त्यामुळे दोन आलेखांत बारीकसा भेद पडतो; तेवढ्याने निर्णय झाला नाही, तर उपग्रहाच्या पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

या युक्तीचे मूळ १९५७ मधल्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहात आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी स्पुटनिकच्या वारंवारितेतील बदल मोजून जमिनीवरून त्याची कक्षा काढली होती. कॉस्पास-सारसॅटने हेच गणित उलटे केले आहे: उपग्रहाची कक्षा माहीत असते, तिच्यावरून जमिनीवरचे ठिकाण काढायचे.

पृथ्वीच्या परिवलनाच्या गतीनेच फिरत एकाच जागेच्या वर राहणाऱ्या भूस्थिर उपग्रहाला हाक लगेच ऐकू येते, पण बीकनच्या सापेक्ष तो जवळपास स्थिर असल्याने डॉप्लरचा उपयोग होत नाही. म्हणून नवे बीकन जीपीएसने स्वतःचे स्थान काढून संदेशातच कळवतात. ग्रह पाहून प्रवासाचा दिवस ठरवणारे आपल्याकडे आजही कमी नाहीत. प्रवासी कुठे अडकला आहे हे मात्र आजवर उपग्रहांनीच सांगितले आहे, आणि त्यातून ५०,००० हून अधिक माणसे वाचली आहेत.

भारतात या यंत्रणेची स्थानके बंगळूरु आणि लखनौ येथे आहेत, आणि तटरक्षक दलाच्या सागरी बचाव समन्वय केंद्रांपैकी एक मुंबईत आहे. मच्छीमारांसाठी इस्रोने स्वतंत्र संकट-सूचक यंत्र तयार केले असून ते २०१० पासून वापरात आहे. त्याचा संदेश भारतीय दळणवळण उपग्रहामार्फत जातो. पहिल्या यंत्राचे बटण दाबल्यावर संदेश पोहोचला की नाही, हे बोटीवरच्यांना कळायला मार्ग नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोहोच मिळते, आणि वादळाचा इशाराही किनाऱ्याकडून त्याच वाटेने बोटीपर्यंत पाठवता येतो.