जुन्या पिकअपची दुसरी चाबी: पार्श्वभूमी

यवतमाळ, अमरावती, वर्धा या पट्ट्यात जुन्या पिकअपचा सौदा होतो तेव्हा इंजिनाचा आवाज, टायर, पासिंगची मुदत, विम्याची तारीख आणि कर्जाचा बोजा हे सगळे तपासले जाते. चाबी मात्र पैसे मोजून झाल्यावर सर्वांत शेवटी घेणाऱ्याच्या हातावर ठेवली जाते, आणि ती बहुधा एकच असते. त्या चाबीने ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडते, दुसऱ्या बाजूचे उघडत नाही, आणि डिझेलच्या टाकीला तिसऱ्याच गाडीचे झाकण बसवलेले असते. (‘किल्ली’ हा शब्द इकडे पुस्तकात राहिला आहे, म्हणून येथे चाबीच म्हटले आहे.) अडकलेले कुलूप आणि नसलेली दुसरी चाबी यांना लोक दोन वेगळ्या तक्रारी समजतात; प्रत्यक्षात गाडीची चाबी म्हणजे स्विच फिरवण्याची मूठ, या एकाच जुन्या समजुतीतून त्या दोन्ही आलेल्या आहेत.

ही समजूत निराधार नव्हती. मॉडेल टी या अमेरिकी मोटारीला 1919 मध्ये इलेक्ट्रिक स्टार्टर मिळाल्यानंतर तिच्या स्विचच्या चाब्यांवर 51 ते 74 असे क्रमांक येत, म्हणजे लाखो गाड्यांना मिळून अवघ्या 24 तऱ्हांच्या चाब्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातील जीपवर तर चाबीचा स्विच काढून साधा खटका बसवण्यात आला, आणि आपल्या खेड्यांना मोटारगाडीची सवय लावली ती त्याच जीपच्या वंशातील गाड्यांनी. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत मेटाडोर आली. तिचे नाव इतके रुळले की कोणत्याही लहान मालवाहू गाडीला मेटाडोर म्हणणारी माणसे विदर्भात आजही भेटतात. त्या काळच्या डिझेल गाड्यांचा पंप यांत्रिक असल्याने एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची गरज उरत नसे. ते बंद करायला अनेक गाड्यांत डॅशबोर्डखालची दांडी ओढावी लागे, आणि बॅटरी उतरली असेल तर चार माणसांनी धक्का दिला की काम भागत असे. बंडीला, म्हणजे बैलगाडीला, कुलूप नव्हते, जीपला असून नसल्यासारखे होते. तेव्हा चाबी हरवली म्हणून कोणत्या कास्तकाराचा बाजार चुकल्याचे ऐकिवात नाही.

कुलपांची दुर्दशा मात्र इथल्या मातीने आणि इथल्या उपायांनी मिळून केली. दाराच्या कुलपात पितळेच्या पातळ पत्त्या आणि त्यांच्यामागे बारीक स्प्रिंगा असतात. काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू आत जातात, बॅरल, म्हणजे चाबीने फिरणारा कुलपाचा गाभा, जड होते, मग कुणीतरी जळके ऑइल सोडतो. दोन दिवस कुलूप लोण्यासारखे फिरते, आणि त्यानंतर तेलात धूळ कालवून जो चिखल तयार होतो तो पत्त्या कायमच्या धरून ठेवतो. कोरडी ग्रॅफाइट पावडर, किंवा तीही नसेल तर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी, हा यावरचा जुना आणि खरा उपाय आहे. पण ती घालण्याआधी आतले तेल चटकन उडून जाणाऱ्या द्रावकाने धुऊन काढावे लागते, आणि एवढा खटाटोप सहसा होत नाही. दुसऱ्या बाजूचे दार वर्षानुवर्षे आतूनच उघडले जात असल्याने त्या कुलपात पावसाळ्याची ओल बसून स्प्रिंगा गंजतात. याउलट ड्रायव्हरच्या बाजूच्या पत्त्या आणि चाबी एकमेकींसोबत झिजतात, म्हणून त्या एकमेकींना सांभाळून घेतात. एकच चाबी एका दाराला चालते आणि दुसऱ्याला नाही, याचे कारण बहुधा हेच असते. स्टिअरिंगचे कुलूप अडकले असे वाटते तेव्हा तर पुष्कळदा काहीच बिघडलेले नसते: उताराच्या किंवा चाकाच्या ताणाने आतला खिळा दाबला गेलेला असतो, आणि स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवत चाबी फिरवली की तो सुटतो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने पक्कडीने पिरगाळून मोडलेल्या चाब्या प्रत्येक गॅरेजच्या डब्यात सापडतात.

बसस्थानकासमोर छत्रीखाली बसणारा चाबीवाला झिजलेल्या चाबीवरून नवी चाबी घासतो तेव्हा तो झीजही इमानदारीने उतरवतो. चाबीच नसेल तर कोरी चाबी मेणबत्तीवर धरून तिला काजळी लावतो, बॅरलमध्ये घालून हलकेच पिळतो, बाहेर काढून उन्हाकडे धरतो आणि जिथे काजळी पुसून पितळ चमकते तिथे कानशीचे दोन हात देतो. दहा-बारा वेळा हे झाले की कुलूप फिरते. कसब मोठे आहे, परंतु त्यातून मिळते ती त्या झिजलेल्या बॅरलला जमणारी चाबी. मूळ मापाची चाबी हवी असेल तर नव्या गाडीसोबत धातूच्या बिल्ल्यावर येणारा क्रमांक लागतो, आणि तो बिल्ला पहिल्या मालकाच्या घरी देव्हाऱ्याच्या खणात किंवा कुठेच नसतो.

खरा बदल 2005 नंतरचा आहे. त्या वर्षी ‘छोटा हत्ती’ (टाटा एस) बाजारात आला, त्याच सुमारास एक-दीड टनाच्या पिकअपही तालुक्या-तालुक्यांत कर्जावर मिळू लागल्या, आणि वरूड-मोर्शीचा संत्रा, यवतमाळचा कापूस, आठवडी बाजाराचा भाजीपाला बंडीवरून या गाड्यांवर आला. कर्जाबरोबर चाबीला पहिल्यांदा कायदेशीर वजन आले. काही कर्ज देणारे दुसरी चाबी आपल्याकडे ठेवून घेत. हप्ते थकले की रात्रीतून गाडी निघून जाई, आणि काच फुटलेली नसे. अशा खेचून नेलेल्या गाड्या लिलावात विकल्या गेल्या, त्या घेणाऱ्यांना एकच चाबी मिळाली, पुढच्या घेणाऱ्यालाही तीच, आणि तिची नक्कल, आणि नकलेची नक्कल. हस्तांतरणाच्या फॉर्म 29 मध्ये नोंदणी आणि विम्याचे प्रमाणपत्र घेणाऱ्याकडे सोपवल्याचा उल्लेख आहे, चाब्यांचा नाही. ज्या वस्तूवर पुढे एवढा वाद झाला तिच्यासाठी सरकारी कागदावर एक ओळसुद्धा नसावी, हे मला आजही नवलाचे वाटते.

वाद झाला तो विम्याचा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी एफआयआर, नोंदणीपत्र यांच्यासोबत ‘दोन्ही ओरिजिनल चाब्या’ मागते. ही मागणी आली कुठून, हे पाहण्यासारखे आहे. मोटार विम्याचे दर 2007 मध्ये खुले झाले तरी विमापत्राची ठराविक भाषा जुन्या टॅरिफमधलीच, म्हणजे सर्व कंपन्यांना बंधनकारक असलेल्या जुन्या दरपत्रकातलीच, राहिली. त्या भाषेत मालकाने वाहनाचे नुकसानीपासून रक्षण करण्यासाठी सर्व वाजवी काळजी घ्यावी, अशी अट आहे. चाब्या किती असाव्यात याबद्दल अवाक्षर नाही. चाब्यांची संख्या शिरली ती दाव्यासोबत जोडायच्या कागदांच्या यादीतून. कंपन्यांचे म्हणणे असे की, मालकानेच एक चाबी देऊन गाडी पार करायची आणि वर दावा लावायचा, हा प्रकार घडतो आणि दोन चाब्या दाखवता आल्या की तो संशय दूर होतो. हे म्हणणे खोटे नाही. पण ते पहिल्या मालकाला शोभते. तिसऱ्या हातातून गाडी घेतलेल्या माणसाला जी वस्तू कधी मिळालीच नाही ती दाखवायला सांगणे म्हणजे पावसाळ्यानंतर गेल्या वर्षीचा ओलावा मोजायला सांगण्यासारखे आहे.

त्यात ‘डुप्लिकेट’ या शब्दाने गोंधळ घातला. आपल्या बोलण्यात डुप्लिकेट चाबीचे तीन अर्थ आहेत. शोरूममधून गाडीसोबत येणाऱ्या जोडीतील दुसरी चाबी हा पहिला. चाबीवाल्याकडून घासून घेतलेली हा दुसरा. आणि नकली, खोटी हा तिसरा, कारण डुप्लिकेट बियाणे आणि डुप्लिकेट खत या शब्दप्रयोगांनी तो अर्थ खेड्यात पक्का बसवला आहे. सौदाचिठ्ठीवर ‘डुप्लिकेट चाबीसह गाडी दिली’ असे लिहिणाऱ्याला पहिला अर्थ अभिप्रेत असतो, वाचणारा सर्व्हेअर (दाव्याची पाहणी करणारा) दुसरा घेतो, आणि दाव्याच्या फाइलमध्ये तिसऱ्याची छाया पडते. चोरीनंतर मालकाने प्रामाणिकपणे ‘एक चाबी डुप्लिकेट आहे’ असा जबाब द्यावा आणि त्याच वाक्यावरून आणखी किती चाब्या बनवल्या, कुणाला दिल्या, अशी उलटतपासणी सुरू व्हावी, असे घडू शकते. ‘कंपनीची’ आणि ‘बनवलेली’ हे दोन साधे शब्द वापरले असते तर अर्धा वाद जन्मालाच आला नसता.

दुसरा मुद्दा गाडीतच राहिलेल्या चाबीचा. हंगामात जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, ती रात्रभर एकेका गाडीने पुढे सरकते, आणि झोपलेल्या ड्रायव्हरची गाडी मागच्याने पुढे घ्यावी म्हणून चाबी स्विचमध्येच ठेवण्याची रीत आहे. रांगेच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे, विमापत्राच्या दृष्टीने निष्काळजीपणा. अशा कारणांवरून दावे सरसकट फेटाळले जात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 आणि 2010 च्या निकालांनी अट मोडली गेली तरी विम्याचा दावा पूर्णपणे नाकारू नये, ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अटींत पूर्ण न बसणारा दावा, म्हणून 75 टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी, असा मार्ग दाखवला. तरीही चाबीवरून दाव्यांची भांडणे चालूच राहिली, आणि 2023 मध्ये चालक चाबी गाडीतच ठेवून उतरला असताना चोरीला गेलेल्या मालवाहू गाडीच्या प्रकरणात पुन्हा 75 टक्के रक्कम मंजूर झाली. हा निकाल दोन चाब्यांच्या मागणीविषयी नव्हता. तरी चाबीची चूक म्हणजे सगळा दावा बुडाला, हे गृहीतक त्याने ढिले केले. उरलेले 25 टक्के कशाची शिक्षा आहेत, हे मात्र रांगेत उभ्या असलेल्या माणसाला समजावणे कठीण आहे. अर्थात खेड्यातील अनेक जुन्या पिकअपवर फक्त थर्ड पार्टी विमा असतो. त्यात चोरी येतच नाही, आणि तेथे हा सगळा वाद मुळातच गैरलागू ठरतो.

एप्रिल 2017 मध्ये बीएस-4 आणि एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 ही धुराच्या प्रदूषणाची मानके देशभर लागू झाल्यावर यांत्रिक पंपाचे दिवस संपले; इंजिन संगणकाच्या ताब्यात गेले आणि काही मॉडेलांच्या चाबीत चिप आली. तिला बॅटरी लागत नाही, पण गाडीने तिला ओळखल्याखेरीज इंजिन धरत नाही. चाबीवाल्याने हुबेहूब घासलेली चाबी अशा गाडीचे दार उघडते, स्विचही फिरवते, आणि इंजिन मात्र सुरू होत नाही. नवी चिप ओळखवून घ्यायला शहरातील वर्कशॉप गाठावे लागते, आणि हाताशी एक चालती चाबी असेल तर ते काम पुष्कळ सोपे जाते. या गाड्या आता दुसऱ्या हातात येऊ लागल्या आहेत.

एक चाबी असलेल्या जुन्या गाडीवर सध्या दोन तोडगे चालतात. ज्यांना परवडते ते स्विच, दोन्ही दारे आणि टाकीचे झाकण असा पूर्ण लॉक सेट बदलतात; त्याचे बिल जपून ठेवले तर चाब्यांच्या प्रश्नाला लेखी उत्तर राहते. बाकीचे दाराला कडी-कोयंडा वेल्ड करून अलिगढी कुलूप लावतात आणि त्याची चाबी करदोट्याला बांधतात. अलीकडे काही सौदाचिठ्ठ्यांवर विम्याच्या तारखेखाली आणखी एक ओळ दिसते: ‘चाब्या दोन, एक कंपनीची, एक बनवलेली.’