नितळ पाण्यातली उपासमार

आषाढात रत्नागिरी-राजापूरकडचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, पाण्याने भरतात. जांभ्याच्या खळग्यांतलं हे पाणी नितळ दिसतं, कारण त्यात फारसं काही नसतंच. पावसाच्या पाण्यात क्षार नाममात्र, आणि जांभ्यातलं लोह फॉस्फरस इतका घट्ट धरून ठेवतं की मुळांच्या वाट्याला तो जेमतेम येतो. नायट्रोजनचीही तीच रड.

तरी श्रावण-भाद्रपदात हाच कातळ ‘सीतेची आसवं’ या रानफुलांनी जांभळा होतो. सगळे फुलांचे फोटो काढतात. खरी कमाल खाली चिखलात असते. या रोपाला खरी मुळं नाहीत. बारीक तंतूंवर मिलिमीटरभर, कधी त्याहून लहान पिशव्या असतात. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, तिच्या भिंती आत ओढल्या जातात आणि तोंडावरचं झाकण ताण धरून बसतं. एखादा सूक्ष्म जीव तिथल्या केसांना लागला की झाकण उघडतं आणि तो पाण्यासकट आत खेचला जातो; त्याच्यातूनच रोप आपली उणीव भरून काढतं. याच कुळातल्या पाण्यात तरंगणाऱ्या जातींत ही ओढ सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात घडते. १८७५ मध्ये डार्विनने या पिशव्यांवर लिहिलं, तेव्हा त्याला वाटलं होतं की प्राणी स्वतःच झाकण ढकलून आत शिरतात. एवढा वेग नुसत्या डोळ्यांना दिसणार तरी कसा!

दुसरी टंचाई कार्बन डायऑक्साइडची. पाण्यात तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. जड पाण्यात निदान बायकार्बोनेट, म्हणजे कार्बनचं विरघळलेलं रूप, असतं; काही पाणवनस्पती त्यावर भागवतात. सड्याच्या मऊ पाण्यात तेही नाही. ऊन चढेल तसा डबक्यातला वायू संपत जातो, रात्री सगळ्यांच्या श्वसनाने पुन्हा साठतो. कांद्याच्या पातीच्या झुबक्यासारखं दिसणारं आयसोईटीस नावाचं रोप नेमकी ही वेळ साधतं. ते रात्री वायू घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपात ठेवतं आणि दिवसा त्यातून अन्न बनवतं. ही तर निवडुंगाची रीत! पाण्यातल्या रोपातही ती चालते हे वनस्पतींचे अभ्यासक जॉन कीली यांनी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जातीत दाखवलं. उत्तर युरोपातल्या मऊ पाण्याच्या तळ्यांतलं लोबेलिया तर चिखलातला वायू मुळांनी घेतं आणि पोकळ नळ्यांतून पानांपर्यंत पोचवतं.

हे सगळं कसब टंचाईत टिकण्याचं आहे. कातळ फोडून, बाहेरची माती आणून कलमं लावली की पावसात खत वाहून खळग्यांत उतरतं. शेवाळ माजतं, उंच गवत सावली धरतं आणि बोटभर उंचीच्या या रोपांना ऊनच मिळेनासं होतं. आणि असा हा सडा कागदोपत्री बहुतेक ठिकाणी अजून ‘पडीक’च आहे.