घरात राखलेलं बी उगवत नाही?

‘घरातल्या बाईने मडक्यात राखलेलं बी उगवत नाही, पाकीटच आणावं लागतं.’ खान्देशात मृग जवळ आला की हा निरोप फिरतो.

तो आला कुठून, ते समजण्यासारखं आहे. आपल्याकडे कपाशीचं बी बहुतेक संकरित. ते राखून पेरलं तर उगवतं, पण झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पन्न घटतं. तिथे पाकीटच बरं.

उडीद-मुगाचं तसं नाही. त्यांच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांत फुलाचं परागीभवन त्याच फुलात होतं, त्यामुळे पुढची पिढी बहुधा तशीच निघते. (कळण्याच्या भाकरीचा उडीद कितीतरी घरांत असाच टिकला.) बी बिघडतं ते ओलीने आणि भुंग्याने, म्हणून कडक वाळवण, राख, निंबाचा पाला.

खात्री घरीच करा. न निवडता १०० दाणे मोजा, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळा, ओल टिकवा. सातव्या दिवशी चांगले कोंब मोजा. ७५ वर असतील तर बिनधास्त पेरा. साठच्या आसपास असतील तर बी थोडं वाढवा. निम्मेही नसतील तर विकत आणा.

पावसाने खंड दिला आणि दुबार पेरणी आली, की हेच मडकं उधारी वाचवतं. मग कोणतं बी किती राखायचं, हे घरातल्या बाईलाच ठरवू द्या.